सात ग्लास आणि एक खारी

रात्री साडेअकरा वाजता आमच्या नाक्यावरच्या टपरीवाल्याचे सात ग्लास त्याच्या मालकीचे राहत नाहीत. ते बाकड्यावर अर्धवर्तुळात उभे असतात. दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आत दोन ‘इन’, मग दोन कव्हर आणि बरोबर मधोमध एक ग्लास, ज्यात अजून दोन घोट चहा शिल्लक आहे. तो कर्णधार. समोर एक खारी. खारी म्हणजे चढाईपटू. ती नानांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत असते. नानांच्या मनगटाला वयामुळे थोडा कंप आहे, त्यामुळे कबड्डीत ज्याला पदलालित्य म्हणतात ते खारीकडे उपजतच आहे.

‘‘हा बघ, इकरून आला,’’ नाना सांगतात. ‘‘कोपऱ्याला खेचला. मंग हा इन कनाला गप उभा?’’

इन गप उभा आहे कारण तो काचेचा आहे. पण ही सबब नानांकडे चालत नाही.

टीव्हीवरचा सामना संपून तास उलटलेला असतो. जिंकलेले हॉटेलात जाऊन जेवले असतील, हरलेले छताकडे बघत पडले असतील, प्रशिक्षकाने उद्याच्या सरावाची वेळ सांगून दार लावून घेतलं असेल. कबड्डीचा सामना म्हणजे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधे पाच मिनिटं विश्रांती. भिवंडीत त्यानंतर तिसरा डाव असतो. त्याला वेळेची मर्यादा नाही, पंच नाही, आणि त्यात आजवर कुणीही हरलेलं नाही.

भिवंडीकर मुळात हळू बोलत नाही, यात त्याचा दोष नाही. ज्या गावात लाखोंनी यंत्रमाग, तिथे दोन माणसं बोलायला लागली की मधून धोटा ये-जा करतोच. अर्धं वाक्य एका ‘खट’च्या आधी टाकायचं, उरलेलं दुसऱ्या ‘खट’च्या नंतर. बारा तासांची पाळी करून माणूस रस्त्यावर आला तरी त्याचा आवाज मागाच्या खोलीतच राहिलेला असतो. त्यामुळे ‘डावा कोपरा जरा लवकर पुढे आला’ एवढं साधं निरीक्षण आमच्याकडे कामवारी नदीच्या पलीकडे ऐकू जातं. नवीन बदलून आलेला एक हवालदार पहिल्या रात्री काठी आपटत धावत आला होता. भांडण कसलं, म्हणाला. आम्ही सांगितलं, तिसऱ्या चढाईचं. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तर अशा वेळी मुख्य चढाईपटूला पाठवायचं की दुसऱ्याचा बळी द्यायचा, असा मुद्दा होता. हवालदार थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘दुसऱ्याला पाठवायचं, त्यात काय विचारायचं?’’ आणि बसला. आता तो दबंग दिल्लीचा पाठीराखा आहे आणि रोज येतो. काठी भिंतीला टेकवून ठेवतो. ती आमची मध्यरेषा.

आता प्रो कबड्डीत बारा संघ. त्यातल्या निदान सात संघांचे पाठीराखे आमच्या एका बाकड्यावर बसतात, आणि हे भिवंडीतच होऊ शकतं. पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या पिढ्या राहतात, म्हणून एक अण्णा तेलुगू टायटन्सचे. मागावर बिहारचे कारागीर, म्हणून पटना पायरेट्स. सुताच्या पेढीवरचे भाई गुजरात जायंट्स. निजामपुऱ्यातले चाचा, ज्यांचे चोवीस माग आहेत, ते कुठल्याच संघाचे नाहीत. ते इराणचे आहेत. म्हणजे ज्या संघात इराणी खेळाडू असेल तो त्या वर्षापुरता चाचांचा संघ. आणि नाना यू मुंबाचे, जन्मोजन्मीचे.

मी पुणेरी पलटणचा आहे. भिवंडीत राहून हे धाडस मी केलेलं नाही, ते लग्नात मिळालं. सासुरवाडी सदाशिव पेठेची. घरात पलटण आणि नाक्यावर मुंबा असा माझा रोजचा प्रवास असल्यामुळे मी दोन्हीकडे कमी बोलतो. शिवाय माझा खेळातला अधिकारही बेताचा. शाळेच्या संघात मी आठवा होतो. कबड्डीत सात जण खेळतात.

नानांचं दुःख समजून घ्यायचं तर २०१४ पासून सुरुवात करावी लागते. लीग सुरू झाली, आणि पहिल्या तिन्ही हंगामांत यू मुंबा अंतिम फेरीत. २०१४ला जयपूरकडून हरले, २०१५ला बेंगळुरूला हरवून जिंकले, २०१६ला पटन्याकडून तीन गुणांनी गेले. कर्णधार अनुप कुमार. हरियाणाचा माणूस, पण नानांनी त्याला केव्हाच दत्तक घेतला होता. ‘‘त्याचा चेहरा बघ,’’ नाना सांगत, ‘‘लोण पडला, अख्खा संघ बाद झाला, तरी माणूस बाजारात भाजी घ्यायला आल्यासारखा.’’ बोनस रेषेपलीकडे पाय टाकून गुण उचलून आणणं ही त्याची खासियत, आणि नानांच्या मते हे मुळात आगरी लोकांचं कौशल्य आहे, कारण बांधावर पाय टाकून शेजाऱ्याचं पाणी आपल्या शेतात घेणं आणि बोनस घेणं यात तत्त्वतः फरक नाही.

२०१६ नंतर मुंबा एकदाही अंतिम फेरीत नाही. हे सहन झालं असतं. पण २०१९ला अनुप कुमार प्रशिक्षक झाला आणि कुणाचा झाला, तर पुण्याचा! ती बातमी आली त्या रात्री नानांनी चहा घेतला नाही. मी शेजारी बसलो होतो. बऱ्याच वेळाने ते मला म्हणाले, ‘‘तुमची माणसं आमची माणसं कशी पळवतात?’’ माझी माणसं म्हणजे माझी बायको आणि तिचे दोन भाऊ. त्यांनी काहीच केलं नव्हतं. तरी मी नानांची माफी मागितली.

पुढे १ मार्च २०२४ला हैदराबादला पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं अजिंक्यपद मिळवलं. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा. मी पेढे घेऊन नाक्यावर गेलो. नानांनी पेढा घेतला, खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, ‘‘तो इराणी नसता तर?’’

हा इराणी म्हणजे मोहम्मदरेझा शादलूई. त्याच्यावरून भाईंची आणि चाचांची जी जुगलबंदी झाली ती पाहायला मागावरचे लोक पाळी बदलून आले होते. झालं असं, की त्या हंगामाच्या लिलावात पुण्याने शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. भाई सुतातले. त्यांना जगातली कुठलीही रक्कम दिसली की तिचं सूत करून बघायची सवय आहे. त्यांनी खिशातला कॅल्क्युलेटर काढला, चाळीस नंबरचं सूत त्या दिवशीच्या भावाने लावलं आणि एवढे ट्रक माल एका माणसाच्या बदल्यात कोण देतो, असं विचारलं. ‘‘माणूस घोटा पकडतो, बरोबर? घोट्याला काय भाव पडला?’’

चाचा शांत माणूस. ते म्हणाले, ‘‘भाई, माग दुरुस्त करणारा जॉबर महाग वाटतो. पण माग बंद पडला की कळतं.’’

शादलूईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण घेतले आणि पुणं जिंकलं. पुढच्या वर्षी तो हरियाणाकडे गेला, हरियाणा जिंकलं. चाचा काही बोलले नाहीत. रोज फक्त एक बोट वर करायचे, नंतर दोन. त्यानंतरच्या लिलावात शादलूईला २ कोटी २३ लाख देऊन घेतलं गुजरातने. भाईंच्या गुजरातने! भाई त्या संध्याकाळी नाक्यावर आले ते वेगळेच होऊन आले होते. छाती पुढे. कॅल्क्युलेटर घरी. ‘‘क्वालिटी माल आहे,’’ म्हणाले. ‘‘क्वालिटीला भाव विचारायचा नसतो.’’ त्या वर्षी गुजरातला काही जमलं नाही. कॅल्क्युलेटर परत आला.

पण सहनशक्तीचं कौतुक करायचं तर ते अण्णांचं. तेलुगू टायटन्सने मधल्या काळात जे काही केलं त्याला दुसऱ्या कुठल्या गावात पाठीराखा उरला नसता. पवन सेहरावतला त्यांनी २ कोटी ६० लाखांच्या वर देऊन घेतला, लीगमधला तोवरचा सर्वांत महाग खेळाडू, आणि त्या हंगामात संघ बारावा आला. बारापैकी बारावा. बावीस सामन्यांत दोन विजय. अण्णा त्या दोन विजयांच्या रात्री इडली घेऊन आले होते, आणि उरलेल्या वीस रात्रीही आले होते, इडलीशिवाय. वीसही वेळा त्यांनी एकच विश्लेषण केलं: ‘‘एकटा काय करेल?’’ मग २०२५ला पवन दुसरीकडे गेला आणि टायटन्स एकदम वर चढले, अंतिम फेरीच्या दारापर्यंत. तिथे त्यांना अडवलं कुणी, तर पुण्याने. अण्णांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी परत माफी मागितली. आपला संघ जिंकल्याबद्दल इतक्या वेळा माफी मागितलेला दुसरा पाठीराखा महाराष्ट्रात नसेल. सुदैवाने अंतिम सामन्यात दिल्लीने आम्हाला तीन गुणांनी हरवलं आणि मी पुन्हा माणसांत आलो. हवालदाराने सगळ्यांना चहा पाजला, हीसुद्धा नोंद करण्यासारखी घटना.

प्रशिक्षकाबद्दल आमच्या बाकड्याचं मत एकच आहे: तो चुकला. कोण प्रशिक्षक, कुठला सामना, हे नंतर ठरतं. टाइम आउट घेतला तर ‘लय जोरात होते, लय तोडली’, नाही घेतला तर ‘झोपला होता काय’. टीव्हीवाले टाइम आउटमध्ये प्रशिक्षकाच्या तोंडाशी माइक धरतात, तेव्हा आमच्याकडे सगळे श्वास रोखून ऐकतात. आता काहीतरी गुप्त विद्या कानी पडणार! आणि तो सांगतो: बोनस देऊ नका. घाई करू नका. साखळी तुटू देऊ नका. म्हणजे नाना गेली चाळीस वर्षं गावातल्या पोरांना जे ओरडून सांगतात तेच, फक्त हिंदीत. ‘‘ह्याचे एवरे पैसे?’’ नाना विचारतात. भाई कॅल्क्युलेटरला हात घालतात. आम्ही त्यांना थांबवतो.

बाकड्यावर एक अभियांत्रिकीचा मुलगाही असतो. त्याच्या फोनमध्ये सगळे आकडे आहेत. कुठला चढाईपटू डावीकडून किती वेळा येतो, कितव्या सेकंदाला हात टाकतो, कुणाच्या पकडी किती टक्के यशस्वी. तो एकदा म्हणाला, की यू मुंबाने शेवटच्या पाच मिनिटांत आघाडीवर असताना तीसच्या तीस सेकंद वेळ काढला तर गणिताने ते जास्त सामने जिंकतील. नाना त्याच्याकडे करुणेने बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘पोरा, तुला पोहता येतं का?’’ नाही, म्हणाला. ‘‘खारीचं पाणी किती फूट, ते माहित्ये?’’ आता हा ‘खारी’ शब्द ऐकून टपरीवाल्याने बरणी उघडली. खाडीला नाना खारी म्हणतात, हे त्याच्या लक्षात यायला अजून काही वर्षं लागतील. दरम्यान मुद्दा राहून गेला. नानांचे सगळे निर्णायक मुद्दे असेच राहून जातात, म्हणून ते खोडता येत नाहीत.

सगळ्यांत मोठा तिसरा डाव झाला तो ७ ऑक्टोबर २०२३चा. हांगझोऊची आशियाई स्पर्धा, अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २०१८ला जकार्त्यात याच इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवलं होतं, तेव्हापासून चाचांना नाक्यावर जरा जपून वागावं लागत होतं. गुण २८-२८, शेवटचं दीड मिनिटही उरलेलं नाही, पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला आणि कुणाला न शिवताच लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, घुसला. त्याला धरायला इराणचे चौघे त्याच्या मागोमाग लॉबीत. आता बाद कोण? नव्या नियमाने एकटा पवन. जुन्या नियमाने तेही बाद. पंचांनी एक निर्णय दिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिल्यासारखा काहीतरी. खेळाडू मॅटवर बसकण मारून बसले. सामना जवळपास तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला.

हांगझोऊत तो वाद तासाभरात मिटला. आमच्याकडे दिवाळीपर्यंत चालला. लॉबी दाखवायला म्हणून टपरीवाल्याचं आणखी एक बाकडं जोडून घेण्यात आलं, ते आजही तिथेच आहे. चार इराणी ग्लास एकदम लॉबीत नेण्याच्या नादात एक फुटला. त्याची भरपाई कुणी द्यायची यावर जुना नियम की नवा असा वेगळाच वाद झाला. चाचांनी एरवी कधी नाही तो आवाज चढवला. ‘‘नियम एकच पाहिजे! सामना सुरू व्हायच्या आधी सांगा कुठला ते! बीम अर्धा विणल्यावर तुम्ही काउंट बदलणार?’’ यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. नानांनीही मान हलवली. मग हळूच म्हणाले, ‘‘पण सुवर्णपदक आपल्याला मिळालं ना?’’ चाचा म्हणाले, ‘‘आपल्यालाच मिळालं. मी काय तेहरानला राहतो?’’ आणि दोघांनी एकेक कटिंग मागवला.

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसला आहे. त्याला मी फोनवर आमच्या बाकड्याची थोरवी सांगत होतो, तर तो म्हणाला, मामा, हे काहीच नाही. तिथे म्हणे कॉलेजच्या पोरांचा फुटबॉल बघायला एका वेळी लाखावर माणसं जमतात. ओहायो स्टेट आणि शेजारच्या राज्यातलं मिशिगन यांचं वैर १८९७ पासूनचं. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात ओहायोच्या विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारतात, कारण मिशिगनचं आद्याक्षर. आणि प्रशिक्षकाचा पगार राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी पट जास्त.

हे मी नाक्यावर सांगितलं. अण्णांना लाख माणसांच्या चहाची काळजी लागली. भाईंनी पगाराचा आकडा पुन्हा विचारला. नाना मात्र फुलीवर अडकले. ‘‘नुसतं अक्षर?’’ म्हणाले. ‘‘आमच्याकडे खारीपलीकडच्या त्या गावाचं नावच घेत नाहीत. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासून.’’ त्या साली अंतिम सामन्यात त्या गावाच्या पंचाने नानांची चढाई दम तुटला म्हणून बाद ठरवली होती. दम तुटला नव्हता, नानांना शिंक आली होती. त्यानंतर नानांच्या घरातून त्या गावात मुलगी दिली नाही. आणली मात्र तीन वेळा. ‘‘त्यांच्या पोरी चांगल्या,’’ नाना म्हणतात, ‘‘पंच वाईट.’’

गावची कबड्डी ही वेगळी गोष्ट आहे, आणि टीव्हीवरच्या लीगबद्दल इतकं बोलणारे हेच लोक तिच्याबद्दल बोलताना जरा पुढे सरकून बसतात. भिवंडीच्या आसपासच्या आगरी-कोळी गावांत थंडी सुरू झाली की रात्रीच्या स्पर्धा लागतात. प्रखर दिवे, भाड्याने आणलेली मॅट, व्यासपीठावर चषकांची रांग आणि तिच्यामागे त्याहून लांब पाहुण्यांची रांग. निवेदकाच्या एका वाक्यात चढाईपटूचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, त्याच्या काकांनी दिलेली देणगी आणि ‘वाहन क्रमांक अमुक बाजूला घ्यावे’ एवढं सगळं तीस सेकंदांत बसतं. बायका गच्च्यांवर. रात्री दोन वाजता उपांत्य सामना, कारण सत्कार बाराला संपतात.

नाना ज्या शेतात भातकापणीनंतर ढेकळं फोडून, पाणी मारून, फक्कीने मैदान आखायचे, तिथे आता गोदाम आहे. देशातला कुठलाही माणूस कुठलीही वस्तू घरी मागवतो, ती थोडा वेळ नानांच्या शेतात राहून जाते. नाना एकदा मला ती जागा दाखवायला घेऊन गेले होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पास विचारला. नानांनी बाहेरूनच हात लांब करून दाखवलं: ‘‘ते निळं शटर हाय ना, तिथं माझा उजवा कोपरा.’’ पहारेकऱ्याने वळून शटरकडे पाहिलं. त्याला वाटलं, काही पार्सल राहिलंय.

मातीवरचा खेळ आणि मॅटवरचा खेळ हा नानांचा आवडता विषय. मातीत पाय रुततो, जोर मिळतो. मॅटवर बूट घालावे लागतात आणि गुडघे सोलतात. १९३६ला बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी परदेशी लोकांना कबड्डी खेळून दाखवली, तेव्हा कुठे होती मॅट? हा प्रश्न ते दर हंगामात एकदा विचारतात. बर्लिनला माती कुठून आणली, असा उलट प्रश्न अभियांत्रिकीच्या मुलाने विचारला होता. त्याला पोहायला येत नसल्याची आठवण करून देण्यात आली.

तर मागच्या थंडीतली गोष्ट. आमच्या गावचा संघ आणि खाडीपलीकडचं, ज्याचं नाव मी नानांच्या मानाखातर घेत नाही, ते गाव. अंतिम सामना. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा चढाईपटू डावीकडे आला, आमच्या डाव्या कोपऱ्याने घोटा धरला. धरला म्हणजे अख्ख्या गावाने पाहिला धरलेला. आणि सुटला. मागे इन आणि कव्हर झेप घेऊन पडले ते एकमेकांवर. चढाईपटूच्या खात्यात तिघे, सामना गेला.

दुसऱ्या रात्री नाक्यावर ग्लास मांडले गेले. सात. खारी आली. डाव्या कोपऱ्याच्या ग्लासाला नानांनी खास लाल रबर लावलं होतं. तीन तास झाले. एक पक्ष म्हणाला, घोटा धरायलाच नको होता, मांडी धरायची. दुसरा म्हणाला, धरायलाच नको होतं कुणी, एक गुण जाऊ द्यायचा, बरोबरी झाली असती. हवालदाराच्या मते कोपऱ्याने धडक देऊन त्याला बाहेर काढायला हवा होता. मुलाने फोनवर सामन्याचं चित्रण लावलं आणि थांबवत थांबवत दाखवलं, की उजवा कोपरा दीड पाऊल मागे होता. मी म्हणालो, कर्णधाराने आधी इशारा करायला हवा होता. हे मी का म्हणालो कुणास ठाऊक. आठव्या खेळाडूलाही कधीतरी बोलावंसं वाटतं.

तेवढ्यात तो स्वतः आला. डावा कोपरा. खरा. विशीतला पोरगा, गोदामात मालाची गाडी भरतो, कोपराला पट्टी. चहा मागवून तो उभाच राहिला, कारण बाकड्यावर जागा नव्हती, तिथे त्याचा संघ उभा होता. त्याने लाल रबर लावलेला ग्लास पाहिला. आपणच, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

नानांनी त्याला सगळं समजावलं. घोटा, मांडी, इन, कव्हर, उजवा कोपरा, १९७८, शिंक. मग हवालदाराने. मग भाईंनी. पोरगा मान हलवत ऐकत होता. शेवटी अण्णांनी विचारलं, ‘‘पण झालं काय नेमकं?’’ तीन तासांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता.

‘‘घाम व्हता,’’ तो म्हणाला. ‘‘हात घसरला.’’

नाक्यावर असं शांत मी पहिल्यांदाच ऐकलं. कुठेतरी लांब एक माग चालू होता तो स्पष्ट ऐकू आला. सात ग्लास, तीन तास, दोन बाकडी, आणि घाम! भाई कॅल्क्युलेटरकडे बघत राहिले. घामाला काही भाव लावता येईना.

मग चाचांनी घसा साफ केला. ‘‘सुताला दमट हवा पाहिजे, नाहीतर तार तुटतो,’’ म्हणाले. ‘‘माणसाचं उलटं आहे.’’

‘‘म्हणजे पंख्याची बाजू,’’ मुलगा लगेच म्हणाला. ‘‘दुसऱ्या डावात आपण पंख्याच्या लांबच्या बाजूला होतो.’’

‘‘नाणेफेक!’’ हवालदार ओरडला. ‘‘नाणेफेक कुणी केली?’’

‘‘कर्णधाराने,’’ मी म्हणालो, आणि सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. गाडी पुन्हा रुळावर आली. नाणेफेक, बाजू, पंखा, रुमाल कुणी ठेवायला हवा होता, रुमाल भिजला तर दुसरा रुमाल. नानांनी खारी पुन्हा उचलली.

साडेबारा वाजले. टपरीवाल्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि ग्लास गोळा करायला सुरुवात केली. उजवा कोपरा गेला, उजवा इन गेला, दोन्ही कव्हर गेले.

‘‘थांब!’’ नानांनी त्याचा हात धरला. ‘‘तीनच राहिले. आता पकरला तर दोन गुण हायेत.’’ तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी पकड केली तर एक गुण जास्त मिळतो, हे टपरीवाल्याला आता पाठ झालंय. तो थांबला. नानांनी खारी मध्यरेषेवर ठेवली, म्हणजे हवालदाराच्या काठीपाशी, आणि पुढे कसं यायचं याचा विचार करत बोटं काढून घेतली.

पोरगा पाळीवरून सरळ आला होता, जेवला नव्हता. त्याने वाकून खारी उचलली, कर्णधाराच्या उरलेल्या दोन घोटांत बुडवली आणि खाल्ली.

नाना क्षणभर रिकाम्या बाकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ग्लास मोजले. डावा कोपरा, डावा इन, कर्णधार.

‘‘पकरला!’’ ते ओरडले. ‘‘तिघांत पकरला! दोन गुण लिव!’’

टपरीवाल्याने गल्ल्याखालून वही काढली आणि नानांच्या खात्यावर एक खारी लिहिली.